लोखंडी नांगर करणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर

(इयत्ता ४ थीतील एक विद्यार्थिनी)



मला जुनी शेतीची यंत्रे आणि अवजारे फार आवडतात. कोणाला बाहुली आवडते, कोणाला क्रिकेट आवडते, तसे माझे आहे. कुणाच्या वाड्यात जुने कडबा कापायचे यंत्र दिसले, विहिरीवर मोटेचे चाक दिसले, की मी तिथेच थांबते. कोणता खिळा कुठे बसतो, चाक कशाने फिरते, ते बघत बसते. माय मला दुकानात पाठवते नि मग शोधायला येते. गुरुजींना हे माहीत आहे. म्हणून सहामाही परीक्षेनंतर त्यांनी मला पेन किंवा कंपासपेटी दिली नाही, एक पुस्तक भेट दिले. ते लक्ष्मणराव किर्लोस्करांचे चरित्र आहे. पुस्तकाचे नाव यांत्रिकाची यात्रा. ते मोठ्या माणसांचे पुस्तक आहे, पण मी रोज थोडे थोडे वाचले. अडलेले शब्द गुरुजींना आणि आबांना विचारले. आबा म्हणजे माझे आजोबा. आज मी तुम्हांला लक्ष्मणरावांची माहिती माझ्या शब्दांत सांगणार आहे.

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. हा जिल्हा आता कर्नाटकात आहे. त्यांच्या वडिलांचे नाव काशिनाथपंत. लक्ष्मणरावांचे मन शाळेच्या अभ्यासात फारसे रमत नसे. त्यांना दोनच गोष्टींचे वेड होते. एक चित्रे काढण्याचे आणि दुसरे यंत्रांचे.

१८८५ साली ते चित्रकला शिकायला मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत जायला निघाले. वडिलांना ते पसंत नव्हते. चित्रे काढून कुठे पोट भरते का, असे तेव्हा सगळ्यांनाच वाटायचे. पण त्यांचे थोरले भाऊ रामूअण्णा धावून आले. दर महिन्याला मी पैसे पाठवीन, तू जा, असे त्यांनी सांगितले. मुलांनो, हे लक्षात ठेवा. मला वाटते, लक्ष्मणरावांना आयुष्यात मिळालेली ही पहिली मोठी भेट.

मुंबईत मात्र एक संकट आले. लक्ष्मणरावांच्या डोळ्यांना काही रंग नीट ओळखता येत नव्हते. याला रंगांधळेपणा म्हणतात. डोळे दुखत नाहीत, नजरही चांगली असते, फक्त दोन वेगळे रंग सारखेच दिसतात. ज्याला चित्रकार व्हायचे त्यालाच रंग कळत नाहीत, मग काय करायचे? दुसरा कोणी असता तर रडत घरी परत गेला असता. लक्ष्मणरावांनी तसे केले नाही. रंगाची चित्रे जमत नाहीत, पण यंत्राच्या चित्राला रंग लागत नाही, तिथे रेघ बरोबर लागते. हे त्यांनी ओळखले आणि यंत्रांची चित्रे काढायला शिकले. मला हा भाग फार आवडला. मी तो दोनदा वाचला.

पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत त्यांना शिक्षकाची नोकरी लागली. मुलांना ते यंत्रांची चित्रे काढायला शिकवत. तिथल्या कारखान्यात खरी यंत्रे होती. ती पाहून पाहून ते स्वतःही शिकले. आपल्यासारखेच ते पुस्तकातूनही शिकले. यंत्रांची पुस्तके इंग्रजीत होती. ती वाचायची, मग यंत्राला हात लावून पाहायचे, असा त्यांचा अभ्यास चाले.

१८८८ साली त्यांनी आणि रामूअण्णांनी बेळगावात सायकलचे दुकान काढले. दुकानाचे नाव किर्लोस्कर ब्रदर्स, म्हणजे किर्लोस्कर बंधू. तेव्हा सायकल ही फार नवलाची वस्तू होती. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली घेऊन पाठवत, रामूअण्णा बेळगावात विकत. सायकल विकायची, लोकांना चालवायला शिकवायची आणि बिघडली तर दुरुस्त करायची, अशी सगळी कामे या दुकानात होत.

तंत्रशाळेत लक्ष्मणराव चांगले काम करत होते. पण तेव्हा इंग्रजांचे राज्य होते. बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला बढती मिळाली. लक्ष्मणरावांनी १८९७ साली नोकरी सोडली आणि ते बेळगावला आले. महिन्याचा पगार बंद झाला. पण माणूस स्वतःचा मालक झाला.

बेळगावात त्यांनी शेतकऱ्याच्या उपयोगाचे यंत्र करायचे ठरवले. पहिले यंत्र होते कडबा कापण्याचे. आपल्याकडे ज्वारीचा कडबा असतो. आख्खा कडबा टाकला तर जनावर पाने खाते आणि जाड बुडखे तुडवून टाकते. कुट्टी करून टाकला तर सगळा खाते, वाया जात नाही. दुष्काळात याचे मोल किती ते आपल्या मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको.

मग त्यांनी लोखंडी नांगर करायला घेतला. १९०३ साली त्यांचा नांगर तयार झाला. आता लाकडी आणि लोखंडी नांगरात फरक काय, ते सांगते. मी हे आबांकडून समजून घेतले आहे. लाकडी नांगर जमीन नुसती फाडत जातो. तो फार खोल जात नाही. लोखंडी नांगराच्या फाळामागे वळलेला लोखंडी पत्रा असतो. फाळ माती कापतो आणि पत्रा ती उलटी करून टाकतो. खालची माती वर येते, वरची खाली जाते. हरळी आणि कुंदा यांची मुळे उघडी पडतात आणि चैत्र-वैशाखाच्या उन्हात वाळून जातात. पावसाचे पाणीही जमिनीत चांगले मुरते.

इतका चांगला नांगर, पण तो कोणी घेईना! शेतकऱ्यांना वाटले, लोखंडाने जमिनीत विष पसरेल. जमीन नापीक होईल. पहिले नांगर खपायला सुमारे दोन वर्षे लागली. दोन वर्षे नांगर नुसते पडून! पदरचे पैसे लोखंडात अडकलेले.

वर्गात मी हे सांगितले तेव्हा सगळी मुले हसली. त्या वेळचे शेतकरी किती अडाणी, असे काही जण म्हणाले. मी घरी येऊन आबांना सांगितले. आबा हसले नाहीत. ते म्हणाले की शेतकऱ्याची जमीन एकच असते. ती बिघडली तर वर्षभर घरातली माणसे उपाशी राहतात. दुकानदाराचा एक माल खपला नाही तर तो दुसरा आणतो, शेतकरी दुसरी जमीन कुठून आणणार? शिवाय लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार बाभळीचे लाकूड तासून संध्याकाळपर्यंत नीट करून देई. लोखंडी मोडला तर जायचे कुठे? म्हणून शेतकरी आधी दुसऱ्याच्या शेतात काय होते ते बघतो. आबांचे हे बोलणे मला पटले. लक्ष्मणरावांनाही ते कळले असेल. कारण ते शेतकऱ्यांवर चिडले नाहीत. दुसरा धंदाही धरला नाही. नांगर करतच राहिले. हळूहळू एकाच्या शेतातले पीक पाहून दुसऱ्याने नांगर घेतला, दुसऱ्याचे पाहून तिसऱ्याने घेतला.

जगात दुसरीकडेही असेच झाले होते. अमेरिकेत इलिनॉय नावाचे राज्य आहे. तिथली जमीन आपल्या काळ्या रानासारखी चिकट. ओतीव लोखंडाच्या नांगराला माती चिकटून बसायची, शेतकऱ्याला सारखे थांबून ती खरवडावी लागायची. तिथे जॉन डिअर नावाचा एक लोहार होता. त्याने १८३७ साली मोडक्या करवतीच्या गुळगुळीत पोलादाचा नांगर केला. त्याला माती चिकटेना. आज आपल्या रस्त्यावर त्याच नावाचे हिरवे ट्रॅक्टर दिसतात. तो लोहार होता आणि आपले लक्ष्मणराव शिक्षक होते. दोघांनीही शेतकऱ्याची अडचण पाहून नांगर केला.

आता पुढची गोष्ट ऐका. बेळगावात लक्ष्मणरावांचा धंदा जरा बसतोय तोच तिथल्या नगरपालिकेला त्यांची जागा हवी झाली. नवी वस्ती करायची होती. कारखाना उचला, असा हुकूम आला. यंत्रे कुठे न्यायची? माणसांचे काय करायचे?

त्या वेळी औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी होते. त्यांना लक्ष्मणरावांचे काम माहीत होते. हे राजे स्वतः चित्रकार होते. त्यांनी कुंडल रोड रेल्वे स्टेशनजवळची ३२ एकर जमीन दिली आणि १०,००० रुपये बिनव्याजी दिले. ही लक्ष्मणरावांना मिळालेली दुसरी मोठी भेट.

पण जमीन कसली होती म्हणता? खडकाळ माळ! निवडुंगाची दाट बने आणि त्यांत साप. तिथे १० मार्च १९१० रोजी लक्ष्मणरावांनी किर्लोस्करवाडी वसवली. सुरुवातीला २५ कामगार आणि त्यांची बायका-मुले होती. निवडुंग तोडला, जागा साफ केली, घरे बांधली, कारखाना उभा केला. मला त्या कामगारांच्या बायकांचे फार वाटते. सापाच्या रानात लहान लेकरांना घेऊन त्या राहिल्या. पुस्तकात माणसांची नावे असतात, पण त्या सगळ्यांची नावे कुठे लिहिलेली नाहीत.

लक्ष्मणराव माणसांवर विश्वास टाकत. तुरुंगातून सुटून आलेल्या माणसांना कोणी काम देत नाही. लक्ष्मणरावांनी अशा माणसांना वाडीवर रात्रीची राखण करायला ठेवले. आधी गुन्हा केलेल्या माणसाच्या हाती सगळ्या गावाची राखण! आणि त्या माणसांनी ती राखली. वाडीत शिवाशीव पाळायची नाही, असाही त्यांचा नियम होता. शंभर वर्षांपूर्वी हे सोपे नव्हते.

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. लोखंड मिळेना, कोळसा मिळेना. लोखंड नाही तर नांगर कशाचा करणार? कारखाना बंद पडायची वेळ आली. तेव्हा कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज मदतीला आले. त्यांनी आपल्या संस्थानातल्या जुन्या तोफा वितळवायला दिल्या. त्या लोखंडाचे नांगर झाले. मुलांनो, विचार करा. ज्या तोफेतून माणसे मारायला गोळा सुटायचा, त्याच तोफेच्या लोखंडाने पुढे ज्वारी-बाजरी पिकली. ही तिसरी भेट. मला तर ही सगळ्यांत सुंदर वाटते.

युद्ध संपले आणि कारखाना वाढला. १९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स ही कंपनी रीतसर स्थापन झाली. त्याच साली वाडीतून किर्लोस्कर खबर नावाचे मासिकही निघू लागले. नांगराच्या कारखान्यातून मासिक निघाले म्हणजे नवलच ना! नांगराशिवाय तिथे उसाचे चरक होऊ लागले. १९२६ च्या सुमारास पाण्याचे पंप होऊ लागले. त्यांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत शिकून आले आणि त्यांनी कामाला हातभार लावला. १९४६ साली पुण्यात तेलावर चालणाऱ्या इंजिनांचा कारखाना निघाला. विहिरीवर इंजिन बसले तशी मोट बंद झाली आणि बैलांचे कष्ट कमी झाले. कुंडल रोड स्टेशनचे नाव बदलून किर्लोस्करवाडी झाले, ते आजही तेच आहे. हे ठिकाण सांगली जिल्ह्यात आहे.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव वारले. १९६९ साली त्यांच्या जन्माला १०० वर्षे झाली तेव्हा भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले. ते २० पैशांचे होते. जानेवारी २०२० मध्ये त्यांच्या चरित्राचे हिंदी पुस्तक पंतप्रधानांच्या हस्ते प्रसिद्ध झाले.

आता आमच्या गावाचे सांगते. आमचे गाव छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात फुलंब्री तालुक्यात आहे. आमच्याकडे काळी जमीन आहे. आबा लहान होते तेव्हा आमच्या रानात मोठा लोखंडी नांगर चालायचा. त्याला सगळे किर्लोस्करी नांगर म्हणायचे. तो इतका जड की ओढायला सहा बैल लागत. सहा बैल कुणाच्याच घरी नव्हते. मग तीन घरे मिळून बैल एकत्र करायची. आज याचे रान, उद्या त्याचे. याला सावड म्हणतात. आबा तेव्हा माझ्याएवढे होते. पुढच्या जोडीच्या जुवावर बसून ते बैल हाकायचे. पहाटे चांदणे असतानाच नांगर सुरू व्हायचा. झोप आली तर पडायची भीती, म्हणून मागून नांगऱ्या सारखी हाळी द्यायचा. ट्रॅक्टर आला आणि सावडही गेली. आता तासाभरात नांगरणी होते, पण तीन घरची माणसे एका बांधावर बसून भाकरी खात नाहीत.

मागल्या वर्षी पाऊस कमी झाला. कपाशीचे नीट झाले नाही. आमच्या वडिलांना आम्ही दादा म्हणतो. दादांनी विहिरीवरचे जुने इंजिन भंगारवाल्याला दिले. बियाणे आणायला पैसे पाहिजे होते. मला वाईट वाटले, पण मी काही बोलले नाही. दादांचेही बरोबर होते. भंगारवाल्याने गोठ्यामागचा नांगर पण बघितला. त्याने तो उचलून काट्यावर ठेवला. आबा ओट्यावर बसले होते. ते काहीच बोलले नाहीत, नुसते काट्याकडे बघत राहिले.

त्या महिन्यात माझा वाढदिवस होता. दादा मला नवा फ्रॉक घेणार होते. मी दादांना सांगितले की मला फ्रॉक नको, हा नांगर द्या. दादा आधी हसले. मग आबांच्या तोंडाकडे बघितले आणि नांगर काट्यावरून खाली उतरवला. भंगारवाला जरा कुरकुरला, पण गेला. आता तो नांगर माझा आहे! मी आणि आबांनी त्याचा गंज घासून काढला आणि त्याला गोडे तेल लावले. कोणता भाग काय काम करतो ते आबा मला दाखवतात. दाखवताना त्यांना जुन्या गोष्टी आठवतात. नांगर गेला असता तर या गोष्टीही गेल्या असत्या.

म्हणून पालकांना माझे एक सांगणे आहे. तुमच्या घरीही माझ्यासारखे यंत्रांचे वेड असलेले पोर असेल. त्याला महाग खेळणे घेऊ नका. त्याला यंत्राचे किंवा यंत्र करणाऱ्या माणसाचे पुस्तक द्या. पोळ्याला सुताराकडून छोटा लाकडी नांगर किंवा तिफन करून द्या. जुने टपाल तिकीट सापडले तर द्या. बिघडलेला पंप दुरुस्त करताना त्याला जवळ बसू द्या, हाकलून लावू नका. यातल्या बऱ्याच गोष्टींना पैसेसुद्धा लागत नाहीत. मुलगी असेल तर तिलाही द्या. मुलीच्या हाताला पान्हा धरता येत नाही असे नसते. मी धरते.

आमच्या वर्गाने शाळेच्या व्हरांड्यात जुन्या अवजारांचा कोपरा करायचे ठरवले आहे. गुरुजींनी जागा दिली आहे. माझा नांगर मी तिथे ठेवणार आहे, आबांनी हो म्हटले आहे. तिफनीचे चाडे, वखराची पास, मोटेचे चाक, शिवळा, घुंगरमाळ, जे घरात पडून असेल ते आणून द्यावे. ज्याने दिले त्याचे नाव आणि ते कसे वापरत ही माहिती आम्ही पाटीवर सुवाच्य अक्षरात लिहू. द्यायचे नसेल तर निदान भंगारात घालण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारावे.

लक्ष्मणरावांना भावाने पैसे दिले, औंधच्या राजांनी माळ दिला, शाहू महाराजांनी तोफा दिल्या. देणाऱ्यांनी त्यांचे वेड ओळखून दिले आणि त्यांनी त्याचे सोने केले. रंग दिसत नव्हते तरी त्यांनी रेघ सोडली नाही, नांगर खपत नव्हते तरी शेतकऱ्याला सोडले नाही. अशा या थोर यांत्रिकाला माझे शतशः प्रणाम.